वरुडची बातमी

अच्युतराव मुळ्ये बत्तीस वर्षं जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते. निवृत्तीनंतर सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको विनता, अशी दोघंच राहत. एकुलती मुलगी यशश्री पुण्यात नोकरीला होती.

विनताबाईंचं माहेर वरुडचं. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, सगळं आयुष्य हिंदी बोलणाऱ्या शेजारात गेलं, पण नागपूरहून निघणारा मराठी पेपर त्यांनी कधी सोडला नाही. पहिलं पान त्या बाजूला ठेवत. आतल्या पानावर जिल्ह्याच्या बातम्या असत. वरुडला काय चाललंय, संत्र्याला काय भाव मिळाला, कोण गेलं, कोणाचा सत्कार झाला, ते सगळं त्यांना लागे. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर गेली. तेव्हापासून अच्युतराव रोज दुपारचा चहा झाला की त्यांना पेपर वाचून दाखवत.

पेपर आणायचा शिवप्रसाद बर्मन. मूळचा बरगीकडचा. धरणात गाव गेलं तेव्हा लहानपणी बापाबरोबर शहरात आला आणि पेपरच्या लाइनीला लागला. सकाळी तो हिंदी पेपर खालूनच गॅलरीत फेकायचा, पण मराठी पेपर मात्र जिना चढून हातात द्यायचा. पूर्वी तो पेपर रेल्वेने यायचा, एक दिवस शिळा. करोनानंतर काय झालं कोण जाणे, आजचा पेपर आजच यायला लागला, दुपारी चारच्या सुमाराला. पेपरवाल्यांनी सुधारणा केलेली दिसते, असं अच्युतराव म्हणाले होते. शिवप्रसाद दारात दोन मिनिटं टेकायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "लो दीदी, आ गया आपका वरुड."

महिन्याचं बिल अच्युतराव त्याच्या हातात देत. फक्त त्याचंच नव्हे, विजेचं, फोनचं, सगळं ते स्वतः जाऊन भरत. त्याला कारण होतं. एकदा त्यांच्या पेन्शनच्या खात्यातून कसल्याशा विम्याचे पैसे दर वर्षी आपोआप कापले जात होते. तो विमा त्यांनी घेतलेलाच नव्हता. तीन वर्षांनी पासबुक भरताना ते लक्षात आलं, आणि तो बंद करायला अकरा खेटे घालावे लागले. तेव्हापासून आपल्याला न विचारता खात्याला हात लावणारी कोणतीही गोष्ट त्यांना नको होती.

मागच्या दिवाळीत यशश्री आली तेव्हा तिने विषय काढला. तो पेपर आता मोबाइलवर मिळतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, वर्षाची वर्गणी एकदा भरली की पुढे आपोआप भरली जाते. आपोआप या शब्दालाच अच्युतराव अडले. आणि मुलीच्या पैशांनी पेपर वाचायलाही ते तयार नव्हते. वाद लांबला असता, पण विनताबाई मध्येच म्हणाल्या, "घ्या ना मोबाइलवर. यशी म्हणून राहिली तर काहून अडवता? आणि शिवप्रसादला सांगून द्या, आता नको आणू म्हणा."

अच्युतरावांना आश्चर्य वाटलं. त्यांना वाटलं होतं, सगळ्यात जास्त विरोध हीच करेल. मग त्यांच्याच खात्यावरून यशश्रीने सगळं लावून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवप्रसादला सांगितलं. तो "ठीक है बाबूजी" म्हणून जिना उतरून गेला. दोन-तीन महिन्यांनी सकाळी हिंदी पेपर टाकायला दुसराच कोणी माणूस यायला लागला. शिवप्रसाद कुठे गेला, याची चौकशी करायची करायची म्हणून राहूनच गेली.

वर्ष गेलं. पावसाळ्यानंतर विनताबाईंचं हृदय थकत चालल्याचं निदान झालं. पंधरा दिवस दवाखान्यात काढून त्या घरी आल्या. आता जेवढं होईल तेवढं घरीच करा, असं डॉक्टरांनी अच्युतरावांना बाहेर बोलावून सांगितलं. दिवसभर त्या डोळे मिटून पडलेल्या असत. चार वाजले की मात्र त्या विचारत, "आज काय म्हणून राहिला पेपर?" आणि अच्युतराव मोबाइल घेऊन पलंगाशी बसत.

त्याच आठवड्यात त्यांच्या फोनवर इंग्रजीत मेसेज आला की उद्या आपल्या खात्यातून अमुक रक्कम वळती होईल. पेपरच्या वर्गणीला वर्ष झालं होतं, पण ते त्यांच्या डोक्यात आलं नाही. नाव कसल्याशा कंपनीचं होतं, पेपरचं नव्हतं. फोनवरून लुबाडल्याच्या बातम्या ते रोजच बायकोला वाचून दाखवत. ते शेजारच्या दीपाला घटकाभर विनताजवळ बसवून तडक बँकेत गेले आणि खात्यातून आपोआप जाणारं जे काही असेल ते सगळं बंद करा म्हणाले. काउंटरवरच्या मुलीने दोन मिनिटांत बंद करून दिलं. या वेळी एकाच खेपेत काम झालं, म्हणून घरी येताना त्यांना बरंच वाटलं.

बुधवारी चार वाजता त्यांनी पेपर उघडला, तर पहिल्या पानापुढे काही उघडेना. वर्गणी संपली आहे, असं लिहून येत होतं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी यशश्रीला फोन लावला. तिच्या ऑफिसात ऑडिट चालू होतं. ती म्हणाली, बाबा, मी इथूनच करते, फक्त तुमच्या फोनवर एक नंबर येईल तो मला सांगा. नंबर आला. त्याखाली लिहिलं होतं, हा कोणालाही सांगू नका. अच्युतराव थांबले.

"बाबा, कोणालाही म्हणजे मला नाही ओ. सांगा जल्दी," यशश्री म्हणाली.

चष्मा शोधून त्यांनी आकडे वाचेपर्यंत त्या नंबरची मुदत टळून गेली होती. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिकडून तिला कोणीतरी हाक मारली. "मी रविवारी येतेच आहे, तेव्हा बसून करू," असं म्हणून तिने फोन ठेवला.

आत विनताबाई वाट पाहत होत्या. अच्युतरावांनी हिंदी पेपर वाचून पाहिला. दोन बातम्या ऐकून त्या म्हणाल्या, "हे नको. वरुडचं वाचा."

आपल्याच हातून पेपर बंद झाला हे त्यांच्याने सांगवेना. त्यांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि बोलायला सुरुवात केली. वरुडच्या बाजारात संत्र्याची आवक वाढली. बसस्थानकाजवळच्या रस्त्याचं काम सुरू झालं. मुलींच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका राजश्रीबाई यांचा सत्कार झाला. पन्नास वर्षं बायकोच्या तोंडून ऐकलेल्या गावातून त्यांना जे सुचलं ते त्यांनी पेपरच्या भाषेत सांगितलं. विनताबाई शांत ऐकत होत्या. गुरुवारी त्यांनी तसंच केलं. शुक्रवारी बोलण्याच्या ओघात सत्काराची बातमी पुन्हा आली.

"तो सत्कार तर परवाच झाला ना?" विनताबाई म्हणाल्या.

अच्युतराव गडबडले. "परवा बातमी होती. आज फोटो आलाय."

"अच्छा." त्यांनी उशीवर मान वळवली. "फोटोत कशा दिसून राहिल्या बाई?"

"केस पांढरे झालेत. हिरव्या काठाचं लुगडं आहे. हातात नारळ आहे."

"बरं दिसतं," त्या म्हणाल्या. "आणखी वाचा."

त्यांनी अर्धा तास वाचलं. शनिवारी सकाळी चहा घेऊन ते खोलीत गेले, तेव्हा विनताबाई गेलेल्या होत्या.

यशश्री शनिवारी संध्याकाळीच पोचली. नर्मदेवरच्या ग्वारीघाटावर सगळं उरकून आल्यावर, रविवारी दुपारी, काही सुचेना म्हणून तिने पेपरची वर्गणी भरून टाकली. सोमवारी विनताबाईंच्या भावाने, भय्यासाहेबांनी, वरुडहून दिलेली निधनवार्ता फोटोसकट छापून आली. यशश्रीने ती मोबाइलवर दाखवली. अच्युतरावांनी पाहिली आणि म्हणाले, मला हा कागद पाहिजे. दहाव्याला मामा घेऊन येतील, असं ती म्हणाली. पण त्यांना चैन पडेना. शिवप्रसादलाही कोणी कळवलं नव्हतं.

मंगळवारी उजाडताच ते निघाले. सुतकात कुठे चाललात, असं यशश्रीने विचारलं. येतो जाऊन, एवढंच ते म्हणाले. सदरच्या चौकात फुटपाथवर पेपरचे गठ्ठे उतरतात. तिथल्या एजंटला त्यांनी नागपूरचा मराठी पेपर मागितला.

"वो तो करोना से ही बंद है बाबूजी," तो म्हणाला. "इधर कोई लेता नहीं था. एक कॉपी के लिए कौन भेजेगा?"

अच्युतराव म्हणाले, असं कसं, मागच्या दिवाळीपर्यंत मी रोज घेत होतो.

एजंट गठ्ठा सोडता सोडता थांबला. तो तर शिवप्रसाद स्वतः आणायचा, त्याने सांगितलं. सकाळी नागपूरहून सुटणाऱ्या बसच्या ड्रायव्हरशी त्याने ओळख काढली होती. ड्रायव्हर तिकडून एक पेपर घ्यायचा आणि शिवप्रसाद रोज दुपारी सायकलने बस अड्ड्यावर जाऊन तो आणायचा. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. आता तो भावाकडे बरगीला असतो. त्याच्या लाइनीवरची बरीच घरं पेपर कंपनीच्या ॲपवर गेली, गुडघाही गेला, मग त्याने काम सोडलं.

घराची खूण विचारून घेऊन अच्युतराव तिथूनच बरगीच्या बसमध्ये बसले.

शिवप्रसाद घरासमोर जाळं पसरून त्याची भोकं सांधत बसला होता. अच्युतरावांचं दाढी न केलेलं तोंड आणि सोबत कोणी नाही हे पाहूनच तो उठला. उठताना त्याला भिंतीला धरावं लागलं. "दीदी?" त्याने विचारलं. अच्युतरावांनी मान हलवली. त्याने बाज ओढून दिली आणि स्वतः खाली जमिनीवर बसला.

मग अच्युतरावांनी विचारलं की बस अड्ड्यावरून पेपर आणतोस हे तू मला कधी सांगितलं का नाहीस.

"बताता तो आप मना कर देते," शिवप्रसाद म्हणाला. "दीदी को मालूम था."

शिवप्रसादने सांगितलं, आधी दीदींनाही माहीत नव्हतं. एकदा मे महिन्यात बाबूजी झोपले होते आणि दार त्यांनीच चाचपत येऊन उघडलं. त्याला धाप लागलेली ऐकून त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याला खरं सांगावं लागलं. त्यानंतर बाबूजी समोर नसले की त्या म्हणायच्या, उन्हात जाऊ नको, गुडघ्याकडे बघ. तो ऐकत नव्हता. मग दिवाळीत बाबूजींनी निरोप दिला तेव्हा त्याला समजलं की हे दीदींनीच बंद करवलं.

"मेरे लिए ही किया उन्होंने," तो म्हणाला. "पर बाबूजी, मुझे अच्छा लगता था जाना. चार बजे कोई राह देखता था."

अच्युतरावांना दिवाळीची ती दुपार आठवली. घ्या ना मोबाइलवर, असं ती किती सहज म्हणाली होती. वर्षभर ती मोबाइलवरचा पेपर ऐकत राहिली आणि त्या माणसाबद्दल एक शब्द बोलली नाही. आपण तरी कुठे विचारलं, असं त्यांच्या मनात आलं.

मग जे त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं ते शिवप्रसादला सांगितलं. बँकेत जाऊन आपणच पेपर बंद केला, शेवटचे तीन दिवस सगळं खोटं वाचलं. सांगताना त्यांना रडू आवरलं नाही.

"तिला कळलं असेल का रे?" त्यांनी मराठीतच विचारलं. शिवप्रसादला ते समजलं. त्याने आतून पाणी आणून त्यांच्या हातात दिलं आणि ते पिईपर्यंत शेजारी उभा राहिला.

परतीची बस येईपर्यंत तो लंगडत रस्त्यापर्यंत आला. तेराव्याला ये, असं अच्युतरावांनी सांगितलं. येईन म्हणाला.

घरी पोचायला दुपार उलटली. यशश्री आईच्या पलंगावर चादरींच्या घड्या घालत बसली होती. कुठे गेला होतात, तिने विचारलं. त्यांनी शिवप्रसादला कळवून आल्याचं सांगितलं, बाकीचं नाही. तिने एक घडी मोडली, पुन्हा घातली.

"बाबा, मी रविवार म्हटलं ना तुम्हाला. दहा मिनिटांचं काम होतं." तिचा आवाज बसला होता. "आई विचारत होती का पेपरचं? शेवटी?"

अच्युतराव दारातच उभे होते. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, नीट बाजूला ठेवल्या.

"नाही गं," ते म्हणाले. "झोपूनच होती ती. तिला काही आठवण नव्हती पेपरची."

यशश्रीने चादर तोंडाशी धरली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचं रडणं ओसरेपर्यंत तसाच ठेवला. मग नळाला पाणी यायची वेळ झाली, म्हणून ते मोटर लावायला खाली गेले.