बरी झालेली कंबर

घड्याळजींची कंबर नऊ वर्षं दुखत होती. जन्मभर डोळ्याला भिंग लावून वाकून बसलेला माणूस. कंबर कधीतरी सूड उगवणारच. पट्टे झाले, मलमं झाली, फळीवर झोपून झालं. बायको होती तोवर ती रोज शेक द्यायची आणि देता देता चार गोष्टी सुनवायची. ती गेली, शेक गेला, बोलणीही गेली.

शेवटी ते फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेले. बाई मुलीच्या वयाच्या. त्यांनी वाकवून, वळवून पाहिलं.

"काका, कंबर मोडलेली नाही, घाबरलीय. दुखेल म्हणून तुम्ही तिला हलवत नाही, म्हणून ती आणखी आखडते."

आठवड्यातून एकदा बाई हातानं पाठ मोकळी करायच्या. बाकी सगळं घड्याळजींनी घरी करायचं: उताणं झोपून कंबर उचलायची, ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय ताणायचा, वीस मिनिटं चालायचं. घड्याळजी चटईवर मोठ्यानं आकडे मोजायचे. घरात दिवसभरात तेवढाच आवाज. चालण्याच्या वीस मिनिटांची चाळीस व्हायची. लवकर परतून करायचं काय?

दीड महिन्यात कंबर सुधारली, आणि तिथंच पंचाईत झाली. बरं वाटलं की येणं बंद, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. मग बाई तपासायच्या तेव्हा घड्याळजी गुडघ्यापर्यंतच वाकायचे आणि "आई गं!" म्हणून थांबायचे.

एकदा निघताना त्यांचं चष्म्याचं घर टेबलाखाली पडलं. ते सहज खाली वाकले, उचललं, उभे राहिले. बाई बघतच होत्या.

"काका! हे कधीपासून?"

घड्याळजींचे कान लाल झाले. "तीन आठवडे झाले."

"मग ते कण्हणं?"

"खरं सांगू, बाई? आठवड्यात एकदा कुणीतरी पाठीवर हात ठेवून विचारतं, आज कसं आहे. तेवढ्यासाठी."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या हातचे उपचार आजपासून बंद. पण गुरुवारी सकाळी मागच्या हॉलमध्ये सहा कंबरवाले व्यायामाला जमतात. एकमेकांच्या चुका काढण्यात पटाईत आहेत. या."

गुरुवारी त्यांनी कोपऱ्यातली चटई धरली. तू कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. फक्त शेजारच्या निवृत्त बसवाहक बाई खेकसल्या, "अहो, श्वास कोंडू नका, फुगा व्हाल!"

तास संपल्यावर सगळे आपापल्या वाटेनं पांगले. कंबर किंचित ठणकत होती. ती पुरती गप्प बसणार नाही, हे फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलंच होतं. घड्याळजी लांबच्या रस्त्यानं एकटेच घरी गेले. पुढच्या गुरुवारी मात्र ते पंधरा मिनिटं आधीच आले आणि साती चटया अंथरून ठेवल्या.