चित्रं चरायला गेली आहेत

साहेब येणार होते दुपारच्या गाडीनं, आणि उगवले सकाळच्या! मी फळ्यावर तारीख लिहीत होते. वळून बघते तो दारात डोक्याला रुमाल, अंगात काळा कोट आणि खांद्यावर इस्त्रीचं पांढरंशुभ्र उपरणं. मागं आमचे हेडमास्तर त्र्यंबकराव, घामानं निथळलेले. शाळा तपासायला येणाऱ्याला आमच्या वराळे गावात 'दिपोटी' म्हणत, आणि दिपोटी म्हटलं की त्र्यंबकरावांची पाचावर धारण बसायची. माझं तसं नव्हतं. मला राग यायचा. तळेगावात माझ्या माहेरी विचारा कुणालाही, अरुंधतीचा राग नाकाच्या शेंड्यावर.

पण त्या दिवशी राग गिळणं भाग होतं. शाळेला चित्रकलेचा एकच तास मिळाला होता, शनिवारचा, तोही एका वर्षाच्या बोलीवर. मुलांच्या कामाचा नमुना बघून साहेब 'चालू ठेवावा' असं लिहिणार, नाहीतर तास बंद. आणि तास बंद म्हणजे माझी झुंबर बंद.

झुंबर ही महिपतीची नऊ वर्षांची पोर. रोज बैल घेऊन गायरानात जायची. तिला शाळेत घाला म्हणून मी महिपतीशी भांडभांड भांडले, तेव्हा कुठं तो एवढ्याला कबूल झाला: "चितराच्या तासाला यील. बाकीचं काय नगं. चितरं बंद झाली की ती बी बंद." झालं! पोरगी शनिवारी यायची आणि असं काढायची की मी बघत राहायचे.

पण काढायचं कशावर? लढाईचे दिवस, कागद औषधाला मिळेना. मुलं पाटीवर काढायची आणि घंटा झाली की थुंकी लावून पुसायची. डोळ्यांदेखत चित्र जायचं आणि माझा जीव तुटायचा.

तेवढ्यात पोळा आला. आमच्या मावळात तो भाद्रपदाच्या अवसेला. बैल धुऊन लख्ख होतात आणि त्यांच्या अंगावर लोक उठवतात काय, तर गेरूत बुडवलेल्या वाटीचे ठसे! अहो, एवढा मोठा कोरा कागद चार पायांवर दारात उभा, आणि त्यावर वाटी? मी मुलांना सांगितलं, "यंदा वाटी नाही. काडीला चिंधी गुंडाळा, गेरू घ्या, आणि जे डोळ्यांनी बघितलंय ते काढा." सगळा गाव घरोघरी बैल बघत हिंडला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी दुपारी, साहेब आले की बैल शाळेपुढं आणायचे असं आमचं ठरलं होतं.

आणि साहेब सकाळीच हजर!

"बाई, चित्रांचे नमुने?" त्यांनी खुर्चीत बसताबसता विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दुसरीतला हौशीराम उभा राहिला. "सायेब, चितरं चराया गेल्याती."

त्र्यंबकरावांनी डोळे मिटून घेतले.

"वीस वर्षं शाळा तपासतोय मी," साहेब म्हणाले. "वह्या उंदरांनी खाल्ल्या, ओढ्यात वाहून गेल्या, सगळं ऐकलंय. चरायला गेलेल्या ऐकल्या नव्हत्या."

"आता ऐकल्यात ना!" मी बोलून गेले आणि जीभ चावली. मग सगळं खरं सांगितलं, बैल, गेरू, पोळा. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. "सव्वाअकराला मी निघणार. आणि अहवालाला नमुना जोडावा लागतो, बाई. बैल कसा जोडणार मी?"

हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली मी नव्हे. मी ओरडले, "पळा रे! गायरानात! चित्रं घेऊन या!"

अख्खी शाळा सुटली. मी दारात उभी. खंडाळ्याच्या बाजूनं आभाळ काळंकुट्ट होऊन आलेलं. हस्त लागलेला, सर कधी कोसळेल नेम नाही, आणि गेरू तो काय, पाण्याचं निमित्त की वाहून जाणार. देवा, अर्धा तास थांब रे बाबा, मी म्हटलं. एकदाच्या घुंगुरमाळा ऐकू आल्या आणि मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

बैलांची रांग अंगणात शिरली. एकावर पैलवान. एकावर जात्यावर बसलेली मावशी, तिचा हात जात्यापेक्षा लांब. एकावर इंदुरीचा किल्ला, आणि बुरुजावर किल्ल्याएवढा कावळा.

साहेब बाहेर आले. "कावळा एवढा मोठा असतो का रे?"

"त्यो जवळ बसलाता," काढणारा म्हणाला. "किल्ला लांब व्हता."

मला हसू आवरेना.

सगळ्यांत शेवटी झुंबर, कासरा धरून. तिच्यामागं महिपती, पोरीनं आता काय करून ठेवलं ते बघायला आलेला. बैलाच्या कुशीवर अख्खी आगगाडी होती. इंजिन बैलाच्या तोंडाकडं, धूर पार शेपटीपर्यंत, आणि खिडकी-खिडकीत माणसं. कुणी शेंगा सोलतंय, कुणी पोराला पाजतंय. मधल्या खिडकीत डोक्याला रुमाल बांधलेला एक ताठ माणूस.

"हा कोण?" साहेब वाकून म्हणाले.

"तुमी," झुंबर म्हणाली. "बाई म्हनल्या, दिपोटी पुन्यावनं गाडीनं येनार. म्हनून बसीवलं."

"मला मिशा नाहीत."

"काल ठावं न्हवतं."

साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. पण त्यांनी मान हलवली. "चांगलं आहे. फार चांगलं आहे. पण बाई, कागदावर एखादं तरी..."

आणि टप्पकन थेंब पडला. बैलाच्या पाठीवर, मग कुशीवर. धूर ओघळायला लागला. मुलं ओरडली, "बाई, चाललं! चाललं!" पाटीवरची पुसलेली सगळी चित्रं मला आठवली.

झुंबरनं कासरा सोडला. तिनं साहेबांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि बैलाच्या कुशीवर पसरून दोन्ही तळहातांनी गच्च दाबलं!

त्र्यंबकराव "अगं, अगं" एवढंच म्हणत होते. महिपतीनं कपाळावर हात मारून घेतला. पोरगी मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत गेली, मग उपरणं सोलून काढलं आणि साहेबांपुढं धरलं.

आगगाडी उतरली होती. इंजिन, धूर, शेंगा, मिशीवाले साहेब, सगळं!

आम्ही पडवीत पळालो. बाहेर सर कोसळली आणि बैल पुन्हा कोरा झाला. साहेबांनी उपरणं उजेडाकडं धरून बघितलं.

"उलटं उमटलं हे," ते म्हणाले.

"उलटं कशानं?" झुंबर म्हणाली. "मगाशी तुमी येत व्हता. आता निघालाय."

साहेब हसले! असे हसले की रुमाल सुटला. मग शेरेबुक मागून त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: "चित्रकलेचा तास चालू ठेवावा. नमुना सोबत नेत आहे." मुलांनी जो गलका केला तो तळेगावात ऐकू गेला असेल.

"आता याच्याखाली नाव घाल, बाळ," साहेबांनी उपरणं पसरून पेन्सिल पुढं केली.

झुंबरनं पेन्सिल घेतली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्या आबाकडं, महिपतीकडं. "मला नाव लिवाया येत न्हाई. मी शनवारचीच हाय."

महिपती खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. त्याला चार शब्द सुनवावेत असं माझ्या अगदी ओठांवर आलं, पण त्याचं तोंड बघून मी ते गिळले. मला रडू येत होतं.

साहेबांनी उपरण्याची घडी घातली. "जागा कोरी ठेवतो. पुढल्या खेपेला घेऊन येईन. नाव तूच घालायचं."

दुसऱ्या दिवशी मी शाळा उघडायला गेले तर पायरीवर झुंबर. केस चापूनचोपून विंचरलेले, काखेत कुणाची तरी फुटकी पाटी.

"अगं, आज शुक्रवार," मी म्हटलं.

"ठावं हाय. नाव लिवाया आले."

"आणि बैल?"

"आबा गेलाय चाराया."