जीभ चुणचुणते अजून

मित्रांनो, मी एक जुनी चौकोनी बॅटरी आहे आणि मला स्वस्थ पडून राहता येत नाही. अंगाने मी काडेपेटीएवढी. डोक्यावर शेजारी शेजारी दोन बटणं. पत्र्याच्या अंगरख्यात सहा लहान सेल दाटीवाटीने बसलेले. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून या सहा जणांची एकच चुळबूळ चाललेली असते, एका बटणातून निघायचं आणि दुसऱ्यात पोचायचं. वाट दिसली की पळायचं. ती वाट कसली आहे, हे आम्ही कधी विचारत नाही. आमच्या स्वभावातला हा दोष मी आधीच सांगून टाकते.

मला नोकरी मात्र चांगली लागली. एका घराच्या छतावर धूर ओळखून ओरडणारा अलार्म होता, त्याच्या पोटात मला बसवलं. घरात तीन माणसं. आजोबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले होते, आणि अजूनही कोपऱ्यातल्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून बसत. त्यांची सून घरीच शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवी. आणि मी आल्यावर सव्वा वर्षाने जन्मलेली सुनेची मुलगी, चिंगी. एकदा गॅसवरचं दूध करपलं आणि मी जी बोंब ठोकली, की सून हातातला अभ्रा तसाच टाकून धावली. ‘बरं झालं बाई ओरडलीस!’ असं ती वर बघून म्हणाली. मित्रांनो, छताला लटकणाऱ्या वस्तूचं असं कौतुक कोण करतं? मी आठवडाभर हवेत होते.

दोन वर्षांनी माझा जोर कमी झाला. अलार्म मिनिटामिनिटाला ‘चिक्’ करू लागला. नवी बॅटरी आणा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण त्या आवाजाने चिंगी दचकून उठायची.

‘बाबा, ते बंद करा हो काहीतरी. आत्ता कुठे डोळा लागला होता तिचा.’

आजोबांनी स्टुलावर चढून मला काढलं आणि माझी दोन्ही बटणं जिभेला लावून बघितली. जुने घड्याळजी ते, बॅटरी जिवंत आहे की नाही हे जिभेनेच ठरवत.

‘जीभ चुणचुणते अजून! चांगली आहे की. टाकायची कशाला?’

‘मग अलार्मचं काय?’

‘उद्या नवी आणतो.’

तो उद्या तीन आठवडे उगवला नाही. आणि मी गेले आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात.

तो डबा म्हणजे अडगळीचं संमेलनच. जुन्या किल्ल्या, दातेरी चाकं, कागदाच्या चिटोऱ्या, घड्याळांची पाठ चकचकीत करायची तारेची घासणी आणि माझ्यासारखे तीस-चाळीस टाकलेले सेल. एक म्हातारा सेल पाझरून अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखा दिसत होता. मला तिथे क्षणभर चैन पडेना. काम नाही, नीजही नाही. माझे सहाजण आत धडका देत होते आणि छतावरची माझी जागा रिकामी होती.

मग ती दुपार आली. आजोबांना बारीकसा स्क्रू सापडेना, म्हणून त्यांनी डबा खडाखडा हलवला. स्क्रू मिळाला. झाकण जेमतेम ठेवून त्यांनी डबा अभ्र्यांच्या कापडाच्या गठ्ठ्यावर टेकवला आणि ते शेजाऱ्यांकडे चहाला गेले. चिंगी पलीकडेच पाळण्यात झोपली होती. सून आतल्या खोलीत यंत्र चालवत होती.

त्या खडखडाटात मी उलटी झाले होते. माझी दोन्ही बटणं तारेच्या घासणीवर टेकली.

वाट मिळाली! सहाहीजण सुसाट सुटले. मी त्यांना थांबवू शकले नाही. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला थांबवावंसं वाटलंही नाही, इतक्या दिवसांनी काम मिळालं होतं. पण घासणीच्या तारा लाल झाल्या, चिटोऱ्या पेटल्या, डब्याचा तळ तापला आणि खालच्या कापडातून धूर निघू लागला. धूर! आयुष्यभर ज्याच्यावर पहारा दिला तो धूर मीच करत होते. छतावर अलार्म होता, पण त्याच्या पोटात मी नव्हते. शिवणयंत्र खडखडत होतं, चिंगी झोपली होती, आणि मला ओरडता येत नव्हतं. तेव्हाइतकी मी कधीच घाबरले नाही.

कसं कोण जाणे, दोरा तुटला आणि यंत्र थांबलं. सुनेला वास आला. तिने आधी चिंगीला उचलून बाहेर नेऊन शेजारणीच्या हातात दिलं. मग परत येऊन चिमट्याने डबा धरला, दाराबाहेरच्या फरशीवर नेऊन ठेवला आणि धुमसणाऱ्या कापडावर बादली ओतली.

आजोबा धावत आले. काळवंडलेला डबा बघून पायरीशीच थांबले.

‘बाबा, डब्यापासून पाळणा दोन हातांवर होता,’ सून एवढंच म्हणाली.

‘मला वाटलं, संपत आलीये. एवढीशी तर चुणचुण,’ आजोबा म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी अलार्मला नवी बॅटरी बसवली आणि बटण दाबून बघितलं. अलार्म किंचाळला, चिंगीने भोकाड पसरलं.

‘रडू दे,’ सून आतून म्हणाली. ‘ऐकू येतंय ना, बास.’

दुसऱ्या दिवशी आजोबांनी थंड झालेला डबा टेबलावर ओतला. मला उचलल्यावर त्यांचा हात सवयीने तोंडाकडे गेला, मध्येच थांबला. मग त्यांनी माझ्या दोन्ही बटणांवर चिकटपट्टी लावली. गोल, चपट्या सेलांनाही लावली. पाझरलेल्या म्हाताऱ्याला हातमोजा घालून वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं. किल्ल्या एकीकडे, आम्ही दुसरीकडे. आणि आम्हाला घेऊन ते विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे जुन्या बॅटऱ्यांसाठी पेटी होती.

‘सगळ्यांना पट्ट्या? एवढं कुणी करत नाही हो आजोबा,’ दुकानातली ताई म्हणाली.

‘मीही करत नव्हतो,’ आजोबा म्हणाले. ‘आता पुढे काय करता यांचं?’

ताईने सांगितलं. आमची जातवार निवड होईल. माझ्यासारख्यांना कारखान्यात फोडून पोलाद, जस्त, मँगनीज वेगळं काढतील. त्याची पुन्हा काहीतरी वस्तू होईल. कचऱ्यात गेलो असतो तर गाडीत पेटलो असतो, नाहीतर मातीत पाझरत बसलो असतो.

आता मी पेटीत आहे, कारखान्याच्या गाडीची वाट बघते आहे. पट्टीखाली सहाजण अजून चुळबुळतात, पण त्यांना वाट नाही. पुढच्या जन्मी काय होईन, ठाऊक नाही. चिंगीच्या सायकलची घंटा झाले तर ओरडता तरी येईल.

मित्रांनो, एक विनंती आहे. आज घरातल्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन तुमचा खण उघडा. किल्ल्या आणि टाचण्यांच्या गर्दीत माझ्यासारखी एखादी पडलेली असेल. संपली म्हणून तुम्ही तिला विसरला असाल. ती अजून जागी आहे.