ढगांवर बोट

बाबा गेल्यावर समोरच्या खोलीतला टीव्ही पोरका झाला, आणि पोरक्याचे जे हाल होतात तेच त्याचेही झाले. भेटायला आलेल्या कुणाच्या तरी मुलाने कार्टून बघता बघता रंग भडक करून ठेवले. विजेची बचत म्हणून आईने पडदा मंद केला. मागची जळमटं काढताना एक केबल निघाली, ती तिने हाताला लागेल त्या भोकात खुपसली. बाबा असते तर दोन दिवस जेवले नसते.

त्यांची सगळी नोकरी छापखान्यात रंग जुळवण्यात गेली. निळ्यात किंचित पिवळं उतरलंय, हे त्यांना मशीनच्या आवाजातही उभ्या उभ्या दिसायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात सिनेमा उभा केला. टीव्हीमागची भिंत गडद राखाडी रंगवली, खिडकीला जाड काळे पडदे शिवून घेतले. "लोकांची घरं धुरानं काळी होतात, आपलं हौसेनं झालं," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बाबा हसायचे आणि समोर बसलेल्याला एचडीआर म्हणजे काय ते समजावू लागायचे. "साध्या टीव्हीत सूर्यही पांढरा आणि शर्टही पांढरा. एचडीआरमध्ये सूर्य तो सूर्य, शर्ट तो शर्ट. पण खरी करामत उजेडात नाही. काळ्यात काय काय लपलंय ते दिसलं पाहिजे."

हे शेवटचं वाक्य थोरलीच्या मनात रुतून बसलं होतं.

थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी. पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे तिचं काम. बापाची नजर लेकीत उतरली, असं सगळे म्हणत. पानावरचा एखादा हरवलेला अनुस्वार तिला वाचायच्या आधी दिसायचा. म्हणून तर तिला स्वतःची चीड येत होती.

बाबांचा एकच व्हिडिओ होता. घरातल्या प्रत्येक समारंभात कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा, त्यामुळे ते स्वतः कशातच नव्हते. हा व्हिडिओ मात्र त्यांनी तिच्याकडून मुद्दाम काढून घेतला होता. टीव्ही तपासायला आपल्या खिडकीचा नमुना हवा, दुकानातले नमुने नटवलेले असतात, असं म्हणून. ते खिडकीतल्या खुर्चीत बसले होते. मागे ढगांचे ढीग, त्यांच्याआड कलता सूर्य. "एचडीआर चालू आहे ना? आता बोट ढगांवर दाबून धर. कुलपाचं चित्र येईल. आलं? आता उजेड ढगांच्याच मापाचा राहील, हलायचा नाही. ढग जळता कामा नयेत." मग त्यांनी खिडकीकडची मान वळवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. तिने त्यांना काहीतरी म्हटलं, ते काहीतरी म्हणाले, आणि व्हिडिओ संपला. त्यात त्यांचा चेहरा नव्हताच. ढगांपुढे कापून चिकटवलेला काळा कागद.

पावसाळा सरेपर्यंत बाबा गेले. दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टर म्हणाले, "त्यांना मी स्पष्ट सांगितलं होतं. घरी बोलले नाहीत?" केव्हा सांगितलं होतं, ते तिने विचारलं. व्हिडिओ त्यानंतरच्याच आठवड्यातला होता.

म्हणजे मान वळवून तिच्याकडे बघणारा माणूस सगळं जाणून होता. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होतं? भीती होती? सांगावं की नाही, असं काही होतं? ती समोर उभी होती आणि ढगांकडे बघत होती. इतकंच तिला आता बघायचं होतं. त्याहून जास्त काही नको होतं.

घरच्यांच्या ग्रुपवर टाकलेली प्रत तिने कितीदा तरी बघितली. काळं ते काळंच. मग एकदा लक्षात आलं की ग्रुपवर गेलं की व्हिडिओचा चोथा होतो. अस्सल तुकडा तिच्या जुन्या, तडा गेलेल्या फोनमध्ये असणार. तो निघाला. काळ्यात काय काय लपलंय ते दिसलं पाहिजे. तिने पडदाकाकांना फोन केला.

पडदाकाका बाबांचे मित्र, आणि या छंदातले वैरी. त्यांच्याकडे प्रोजेक्टर आणि भिंतभर पडदा, म्हणून ते पडदाकाका. बाबांच्या टीव्हीला ते 'डबा' म्हणत. "भिंतीला डबा टांगून थिएटर होत नसतं," हे त्यांचं वाक्य, आणि "चादरीवर सावल्या बघणाऱ्यांनी बोलू नये," हे बाबांचं उत्तर.

काका भर दुपारी आले. दारातच टीव्ही बघून थबकले.

"अरे अरे अरे! वहिनी, काय केलंत हो डब्याचं? माणसं टोमॅटोसारखी दिसतायत."

"मला चांगला दिसतो," आई म्हणाली. "निदान कोण रडतंय आणि कोण हसतंय ते तरी कळतं. ह्यांच्या वेळी अंधारात चाचपडत बघायला लागायचं."

काकांनी बाह्या सारल्या. आधी भडकपणा काढून सिनेमाचा मोड लावला. विजेची बचत बंद केली. खोलीतल्या उजेडानुसार पडदा आपोआप मंद करणारा डोळाही मिटवला. हलती चित्रं उगाच गुळगुळीत करणारी सोय काढली. तरी बाबांच्या प्लेयरवरून व्हिडिओ लावला की कोपऱ्यात एचडीआरची खूण काही उमटेना. ढग नुसते पांढरे, मिठाच्या ढिगाऱ्यासारखे. काका टीव्हीच्या मागे डोकं घालून बसले आणि थोड्या वेळाने आतूनच ओरडले.

"घोडं इथं पेंड खातंय! प्लेयरची केबल भलत्याच भोकात आहे. तुझ्या बापानं पहिलं भोक मोठ्या सिग्नलसाठी उघडून ठेवलं होतं. इथनं एचडीआर आत येणारच नाही."

"भोक ते भोक," आई म्हणाली. "त्यांच्यातही मानपान असतात हे मला काय ठाऊक?"

थोरली हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसताना तिला वाटलं, होतंय. एकेक अडसर निघतोय, म्हणजे शेवटी काहीतरी असणार.

मग काकांनी बाबांनीच ठेवलेला पट्ट्यांचा नमुना लावला. काळ्यावर काळ्या उभ्या पट्ट्या, एकीपेक्षा दुसरी जेमतेम उजळ. शेवटची पट्टी बुडायला हवी आणि तिच्या शेजारची दिसते न दिसते, अशी राहायला हवी.

"दिसते?"

"नाही."

"आता?"

"आता... हो. आहे काहीतरी."

"बापाचे डोळे आहेत तुला. मला तर नुसती अमावास्या दिसतेय. पडदे ओढ. आणि लगेच लावू नकोस, जरा बसू. तो म्हणायचा ना, डोळ्यांना अंधार शिकू द्या."

तिघं अंधारात बसून राहिले. आई स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर होती. बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही होत नव्हती.

"लावा काका."

कोपऱ्यात खूण उमटली आणि विझली. खिडकी उघडावी तसे ढग खोलीत आले. मिठाचा ढिगारा नव्हता आता; ढगाला पोट होतं, घड्या होत्या, करडं जांभळं अस्तर होतं, आणि सूर्याच्या बाजूची कड अशी, की थोरलीने डोळे बारीक केले. "आई शप्पथ," काका पुटपुटले. "डबा भारी आहे खरा."

"ढग जळता कामा नयेत," बाबा म्हणाले. आई स्टुलावरून उठली आणि उठून काय करायचं ते न कळल्यासारखी उभी राहिली.

बाबांनी मान वळवली. कानाची पाळी लालसर पेटली. मानेवरचे पांढरे केस एकेक करून दिसले, न केलेल्या दाढीची लव गालाच्या कडेला सोन्यासारखी, चष्म्याच्या काडीवर बारीकशी ठिणगी. आणि त्या सगळ्या उजळ कडेच्या आत काळं. स्वच्छ, खोल, जराही करडं नसलेलं काळं. बाबांना आवडलं असतं असं.

"पुन्हा लावा," थोरली म्हणाली.

पुन्हा तेच झालं.

"काळं वर उचला काका. फोनवर तुम्हीच म्हणाला होतात, उचलता येतं."

"येतं गं, पण..."

"उचला."

काकांनी आकडा वाढवत नेला. ढग फिके पडले. काळ्याचं करडं झालं, आणि करड्यात ठोकळे वळवळू लागले. नाक असेल तिथे ठोकळे, डोळे असतील तिथे ठोकळे, सगळे एकाच रंगाचे. थोरली टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. ती जिथे डोळा शोधी, तिथे दुसऱ्या क्षणी काहीच नसे.

"थांबवा हो भावजी," आई म्हणाली. "राख चाळल्यासारखं वाटतंय. पहिल्यासारखं करा."

काकांनी पहिल्यासारखं केलं. रिमोट मांडीवर ठेवला.

"आडातच नाही गं बाळ, पोहऱ्यात कुठून येणार? टीव्हीचा दोष नाही. फोननं तिथलं काही घेतलेलंच नाही." मग त्यांना गप्प राहवेना. "मला फक्त एक कळत नाही. त्याला स्वतःचं थोबाड हवं असतं, तर बोट कपाळावर दाबायला सांगितलं असतं त्यानं. माझ्या नातीचा फोटो मी असाच खिडकीपाशी काढला होता, तेव्हा मला चारचौघांत झापलं होतं. म्हणे, पोरीचा कोळसा केलास, ढगांचं काय लोणचं घालायचंय? लेकाचा झोपेतसुद्धा असा चुकणारा..."

वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. त्यांनी थोरलीकडे बघितलं नाही. खाली वाकून ते एक केबल गुंडाळू लागले. ती गुंडाळायची गरज नव्हती.

आई अजून उभीच होती.

"त्या दिवसांत तिथेच बसायचे ते," ती म्हणाली. "सकाळ नाही, संध्याकाळ नाही. मी आपली म्हणायचे, उजेडाकडे तोंड करून बसा, पेपर कसा दिसतो तुम्हाला? तर म्हणायचे, पाठीला ऊन बरं वाटतं." तिने ओढलेल्या पडद्याकडे बघितलं. "ऊन कुठं यायचं तिथं. उत्तरेची खिडकी आहे ती. संध्याकाळी तिरपं आलं तर आलं, तेवढंच."



"आता हे असं बांधून ठेवतो," काका शेवटी म्हणाले. "कुणाचा हात लागला तरी बदलणार नाही. याहून चांगलं चित्र या डब्यातून निघायचं नाही, हे मी लिहून देतो." थोरलीला बरं वाटावं म्हणून त्यांनी ते म्हटलं होतं. मग चहा नको म्हणाले आणि चपला घालताना दोनदा पाय चुकले.

थोरलीने पडदे उघडले नाहीत. आई आत गेल्यावर तिने व्हिडिओ आणखी एकदा लावला आणि या वेळी चेहऱ्याकडे बघितलं नाही. शेवटचं बोलणं तिने आजवर हजारदा ऐकलं होतं, पण ऐकताना ती काळ्यात डोळे खुपसून असायची. शब्द तिने तपासले नव्हते.

"बाबा, तोंड दिसत नाहीये तुमचं," टीव्हीतली ती म्हणाली.

"ढग दिसतायत ना?"

"दिसतायत." तिचा आवाज कंटाळलेला होता. हात दुखत असावा.

"मग झालं. बंद कर."