मशीनमध्ये भाषा बसवताना

भावकू काविळीनं गेला तो १९८८ चा पावसाळा. येळ्ळूरच्या शेतकऱ्याचा मुलगा. वडगावच्या विणकर सोसायटीतला कॉम्प्युटर तोच चालवायचा. त्याच्या हाताखाली अंजना काम शिकत होती. ती निपाणीची. आईबाप तंबाखूच्या वखारीत राबलेले, आणि भीमनगरातली बी.एस्सी. झालेली ती पहिली मुलगी.

भावकूमागोमाग मशीनची डिस्कही गेली. पुण्याहून माणूस येऊन नवी बसवून गेला. पण सोसायटीच्या हिशेबांचे सगळे प्रोग्राम ज्या भाषेत लिहिले होते ती कोबॉल आता अंजनाला एकटीलाच त्या डिस्कवर बसवायची होती.

"जमंल न्हवं?" चेअरमन मारुतीरावांनी विचारलं.

"बघते."

भावकूच्या कपाटातल्या फ्लॉपी तिनं एकेक करून मशीनला चारल्या. बाहेर गल्लीत माग खडखडत होते. भाषा नीट बसली का, हे बघायची रीत भावकूनंच शिकवलेली. छोटासा प्रोग्राम लिहायचा, मशीनकडून त्याची चालणारी फाइल करून घ्यायची आणि चालवायची. सांगितलं तेच पडद्यावर उमटलं, तर भाषा बसली. अंजनानं प्रोग्रामला 'टेस्ट' नाव दिलं. त्यानं फक्त 'नमस्कार' म्हणायचं होतं. मशीन घरघरलं, काही ओळी भराभर वर सरकल्या. तिनं टेस्ट चालवला.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं : तुझं नाव काय?

हे तिनं लिहिलंच नव्हतं. तिनं आपलं नाव टाइप केलं.

अंजना, जेवलीस का?

भावकू कामापलीकडं तिच्याशी चार शब्द बोलला नव्हता. पाणी घेऊन आलेल्या भरमू शिपायानं तिच्या खांद्यावरून ते वाचलं आणि तांब्या तिथंच ठेवून तो बाहेर पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी येळ्ळूरच्या बसनं भावकूची आई आली. मनुबाई.

"माझं लेकरू हितं बोलतंय म्हणं."

अंजनाला तोवर उलगडा झाला होता. "त्यो न्हाय वो मावशी. माझा प्रोग्राम तयारच झाला न्हाय. भावकू अण्णांनी मागं याच नावानं एक करून ठेवलेला, त्यो फ्लॉपीतनं आला आन् त्योच चालला."

"दाव."

अंजनानं तिचं नाव घातलं आणि आलेलं वाचून दाखवलं. "मनुबाई, जेवलीस का?"

"मला नावानं हाक मारंल व्हय त्यो? आई म्हणून लिव्ह."

आई, जेवलीस का?

मनुबाई पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "जल्मात कधी हे इचारलं न्हाय त्यानं मला. मीच इचारायची. हितं आनी कोण बाईमाणूस हाय गं?"

"मीच तेवढी."

"मग तुलाच इचारलंय." तिनं अंजनाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "निपाणीची न्हवं तू? भीमनगरातली?"

"व्हय."

"मला भ्याला असंल. म्हणून तोंडानं बोलला न्हाय."

तो जुना प्रोग्राम नाव बदलून ठेवता येत होता. रात्रभर तिच्या मनात तेच होतं. "मावशी, ठेवू का ह्यो?"

"नको. लेकरू हितं अडकून पडंल. सोड त्याला."

अंजनानं तो डिस्कवरून पुसला. मग फ्लॉपी घालून तिथूनही पुसला. मशीनला एवढंसं काम, क्षणाचंही नव्हे. आदल्या दिवशी न वाचताच वर सरकलेल्या ओळी तिनं आता नीट वाचल्या. एका खराब फ्लॉपीमुळं भाषेची एक फाइल अर्धीच उतरली होती. कपाटातल्या फ्लॉपींच्या दुसऱ्या संचातून तिनं ती पुन्हा उतरवली. एवढा वेळ मनुबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती.

शेवटी पडद्यावर एकच शब्द आला. नमस्कार.

"झालं?" मनुबाईनं विचारलं.

"झालं. बसली भाषा."

मनुबाई उठली. लुगड्याचा पदर सारखा करून ती मशीनसमोर आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "चल रं, घराकडं जाऊया."

दार उघडून ती बाहेर पडली, पण लगेच पुढं गेली नाही. उंबऱ्यापलीकडं बाजूला सरून, दार हातानं धरून उभी राहिली, मागून कुणी येत असावं तशी. अंजना जागची हलली नाही. तिच्या पाठीमागून वाऱ्याची झुळूक दाराकडं गेली. खोलीला खिडकी नव्हती.

मग मनुबाईनं दार हळूच ओढून घेतलं.