डब्याचा दोष

धाकट्याच्या डिस्कचा बाहेरचा डबा पडून फुटला, तेव्हा थोरलीने आतली डिस्क काढून सरळ आईच्या कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटर म्हणाला, डिस्क रिकामी आहे.

धाकट्याला जाऊन आठ महिने झाले होते. गाडी चालवताना तो एकटाच बडबडायचा आणि ते सगळं रेकॉर्ड करून ठेवायचा. त्याचा आवाज त्या डिस्कशिवाय कुठेही उरला नव्हता आणि आईला तो एकदा ऐकायचा होता.

"रिकामी कशी असेल?" थोरली म्हणाली. "डिस्क वाचताना कर्नेलचा गोंधळ होतोय. मी ऑफिसात बघते. दोन दिवस कळ काढ."

कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळाशी चालणारा प्रोग्रॅम. डिस्कवर कुठला भाग कुठे सुरू होतो हे ओळखणारा त्यातला कोड गेली सहा वर्षं तीच सांभाळत होती. अर्ध्या तासात चूक सापडली. डबा आपल्या सर्किटने डिस्कवरची जागा मोठ्या मापाने मोजायचा. तो गेल्यावर डिस्क लहान माप सांगायला लागली. भागांचा तक्ता होता तिथेच होता. कोड मात्र भलत्याच जागी शोधून हात हलवत परत यायचा.

मग तिने जुन्या तक्रारी चाळल्या. दोन वर्षांपूर्वी एका अनोळखी माणसाने अगदी हेच लिहिलं होतं, बायकोचे फोटो आहेत हो, असंही. खाली थोरलीचं उत्तर होतं: 'डब्याचा दोष. कर्नेलचा नाही. तक्रार बंद.' त्या दिवशी तिने अशा अकरा तक्रारी हातावेगळ्या केल्या होत्या आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. आता तिला स्वतःची शरम वाटली.

दुरुस्ती चौदा ओळींची झाली: एका मापाने तक्ता सापडला नाही, तर दुसऱ्या मापाने बघ. दोष कळवणाऱ्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायची कर्नेल लिहिणाऱ्यांत रीत होती. तिने त्या माणसाचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच नवा कर्नेल घेऊन घर गाठलं.

आई दारातच भेटली. चेहरा खुलला होता.

"मी सकाळी परत लावून बघितलं. कॉम्प्युटर म्हणाला, डिस्क रिकामी आहे, पूर्ण पुसून नवी तयार करू का? मी हो म्हटलं. तूच सांगतेस ना, कॉम्प्युटरने काही विचारलं तर घाबरायचं नाही, हो म्हणायचं. तीन तास चाललं होतं. आता ऐकू येईल ना गं?"

थोरलीने तरीही नवा कर्नेल चढवला. कोडने लहान मापाने पाहिलं, मोठ्या मापाने पाहिलं आणि तेच सांगितलं, डिस्क रिकामी आहे. या वेळी कोड बरोबर होता.

आईच्या हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. ती पलंगावर टेकली.

"माझं चुकलं का गं?"

"नाही, आई."

"मग कुणाचं?"

खरं उत्तर थोरलीच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळलं.

"डब्याचा दोष," ती म्हणाली.