फ्लेक्सवरची विहीर

"आजोबा, यादीत तवा कशाला लिहिलाय?"

पिंकीनं कागद माझ्यासमोर धरला. मी अंगणात दाढी करत होतो, गालाला साबण होता. तिनं कागद पुन्हा वाचला. तव्याच्या खाली सायकल होती आणि सायकलीच्या खाली दारातला कडुनिंब.

पिंकी माझी नात. पूर्ण्यात फ्लेक्स छापायचं एक दुकान आहे, तिथं ती कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवस, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं तिच्या हाताखालून जातं. गावातल्या अर्ध्या लोकांचे चेहरे तिनं गोरे केलेत. यंदा एक जूनला मला पंच्याहत्तर पूर्ण होणार, तर आपल्याही आजोबांचा फ्लेक्स चौकात लागला पाहिजे, असं तिनं ठरवून टाकलं. खरं तर एक जून ही तारीख माझ्या आईची नाही. मी रेल्वेत गँगमन म्हणून लागलो तेव्हा साहेबानं ती लिहिली. आई सांगायची, तू ज्वारी काढायच्या दिवसात झालास. पण पगार एक जूनवर चालला, पेन्शन चाललं, आता वाढदिवसाला वेगळी तारीख कुठून आणायची?

मध्ये माझा मोठा फोटो, वर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली नऊ गोल. त्या नऊ गोलांत शुभेच्छुक. त्यांची नावं पिंकीनं मागितली होती.

आदल्या दिवशी मी दुपारभर पेन्सिल घेऊन बसलो होतो. मला अक्षर आलं ते चाळिशी उलटल्यावर, स्टेशनच्या पिवळ्या पाट्यांवरून. पूर्णा, मिरखेल, पिंगळी. रोज त्याच पाट्यांखालून जायचं. एक दिवस मिरखेलचा म चहाच्या पुड्यावर दिसला आणि मी दुकानातच थांबलो. तेव्हापासून काही लिहायचं झालं की मला वेळ लागतो. पहिलं नाव चांगुणाचं, माझ्या बायकोचं. मग चहावाला महारुद्र, कारण ड्यूटीवरून आल्यावर पहिलं बोलणं त्याच्याशी व्हायचं. मग सुकेशनी, आमच्या गल्लीतली आशाताई, दर पंधरा दिवसांनी बीपी बघायला येते आणि मी मीठ खातो म्हणून रागावते. पुढं विचार केला, आपलं आणखी कुणी भलं चिंतलं? मला आधी तवाच सुचला. त्या तव्यावरची भाकर फडक्यात बांधून मी छत्तीस वर्षं रुळावर गेलो.

चांगुणा चुलीपाशी पिंकीचं बोलणं ऐकत होती. ती म्हणाली, "तवा अन् मी येकाच गोलात बसावं का येगयेगळे? आधी सांगा, म्हंजी मी लुगडं बदलते."

संध्याकाळी माझा मुलगा, धम्मदीप, शाळेतून आला. तो तिथं क्लार्क आहे. त्यानं यादी वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. त्याचं म्हणणं असं की चार मोठी माणसं नसली तर फ्लेक्सकडं कुणी मान वर करून बघत नाही. नगरसेवक पाहिजेत, संस्थेचे अध्यक्ष पाहिजेत, मुख्याध्यापक पाहिजेत. तो काही वाईट बोलत नव्हता. त्याला त्याच गावात नोकरी करायची आहे. मी म्हणालो, तवा काढ, सायकल काढ, झाडही काढ.

"पण येक गोल माझा," मी म्हणालो. "त्यात बन्सीधरराव पाह्यजेत."

"ते कोण?" पिंकीनं विचारलं.

धम्मदीपला नाव माहीत होतं. रुळाकडेला शेत असलेला माणूस, एवढंच. मी कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला बसलो तर पाच मिनिटांत संपलं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्याची गोष्ट. आमची गँग अकरा जणांची, त्यात आम्ही चौघं बौद्ध. दुपारी बारापर्यंत डब्यातलं पाणी संपायचं. जवळ एकच विहीर, बन्सीधररावांची. बाकीचे सात जण विहिरीवर जाऊन बादलीनं पाणी काढायचे. आम्ही चौघं लांब उकिडवे बसायचो, त्यांचा गडी वरून धार धरायचा आणि आम्ही ओंजळीनं प्यायचो. चांगला गडी होता, घाई करायचा नाही. पण ओंजळीनं पिताना अर्धं पाणी कोपरावरून खाली जातं.

एक दिवस गडी नव्हता. बन्सीधरराव स्वतः आले. माझ्याच वयाचे, तेव्हा अठ्ठावीस-तीसचे. मी ओंजळ पुढं केली. ते भरलेली बादली हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी ती माझ्या पायापाशी ठेवली.

"माझा हात दुखायलाय," ते म्हणाले. "तुझं तू घे. सरलं तर काढ."

त्यांचा हात दुखत नव्हता. सकाळीच त्यांना ज्वारीची पोती गाडीत टाकताना आम्ही पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशीही त्यांचा हात दुखला, तिसऱ्या दिवशीही. सगळा उन्हाळा दुखला. आम्ही चौघं कासरा सोडून पाणी काढू लागलो. त्यांच्या भावकीनं त्या विहिरीचं पाणी घेणं बंद केलं. पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीचं लग्न झालं, त्यात चुलत्यांची तीन घरं जेवायला आली नाहीत. हे मला आमच्या मुकादमानं सांगितलं. बन्सीधरराव त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मीही आभार मानले नाहीत. आभार मानायचे तर कशाबद्दल, ते म्हणावं लागलं असतं. पुढं रिटायर होईपर्यंत आम्ही बैलांबद्दल बोललो, गाड्या लेट असण्याबद्दल बोललो, हरभऱ्यावरच्या अळीबद्दल बोललो.

"आधी कधी सांगितलं न्हाई," पिंकी म्हणाली.

"तू इचारलं न्हाईस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्कूटीवर मागं बसून मी त्यांच्या आखाड्यावर, शेतातल्या घरी गेलो. आता ते तिथंच राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, 'हां' एवढंच उरलं. पत्र्याच्या सपरीत बाजेवर पडलेले होते, तोंड घराच्या दाराकडं. मला पाहून त्यांचा डावा हात बाजेच्या सुंभावर हलला. मी उशाशी बसलो आणि यंदा हरभरा कसा झाला ते सांगितलं.

त्यांचा मुलगा भगवानराव. त्यानं खुर्ची दिली, पिंकीचं शिक्षण विचारलं, घरातल्याच कपात चहा आला. मग मी येण्याचं कारण सांगितलं. बन्सीधररावांचा एखादा फोटो असला तर पाहिजे. फ्लेक्सवर माझ्या शेजारी लावायचा आहे.

भगवानरावानं हातातला मोबाईल खिशात ठेवला.

"काका, तुमाला न्हाई म्हणायचं माझ्या जिवावर येतंय," तो म्हणाला. "पण पूर्ण्याच्या चौकात बाबाचा फोटो लागल्यावर भावकीत चर्चा व्हती. औंदा सोसायटीची निवडणूक हाय. तुमी समजून घ्या."

समजून घ्यायची मला सवय आहे. मी चहा संपवला. बाजेवरून "हां, हां" असा आवाज आला. तो कशाला होता ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. भगवानरावानं उठून त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

आम्ही निघालो तेव्हा कमलबाई, बन्सीधररावांच्या मालकीण, घागर घेऊन मागून आल्या. विहीर वाटेतच आहे. आता तिच्यावर मोटार बसलीय, पाणी पाइपातून जातं, पण लोखंडी चाक अजून आहे आणि त्याच्या कासऱ्याला एक बादली बांधून ठेवलेली असते, लाइट गेली तर लागते म्हणून. कमलबाईंनी घागर खाली ठेवली.

"त्या उन्हाळ्यात मी रोज सांजच्याला तेलाची वाटी घिऊन बसायची," त्या म्हणाल्या. "हात दुखतो म्हणता, तर चोळून देते म्हणलं. तर हासायचे. चार दिवस गेल्यावर मला उमगलं."

 

मग त्या पिंकीकडं वळल्या. "माणसाच्या फोटूला भावकी हाय, बाई. हिरीला कोण इचारतंय? हिचा काढ."

पिंकीनं मोबाईल काढला. तिनं चाक, कासरा आणि बादली येईल असा फोटो घेतला. एकदा काढून तिचं समाधान झालं नाही, तिनं तीनदा काढला. कमलबाई पदर सावरून बाजूला उभ्या राहिल्या, आपली सावली पडू नये म्हणून.

घरी आल्यावर प्रश्न आला. प्रत्येक गोलाखाली नाव लागतं, इथं काय लिहायचं? बन्सीधररावांचं नाव लिहिलं असतं तर भगवानरावाचा शब्द मोडल्यासारखं झालं असतं. मी पिंकीला म्हणालो, तिथं काही लिहू नको.

एक जूनला फ्लेक्स लागला. मी इतका गोरा कधीच नव्हतो. खाली नगरसेवक, अध्यक्ष, मुख्याध्यापक, महारुद्र, सुकेशनी आणि धम्मदीपचे दोन मित्र. मग चांगुणा, नाकात नथ घालून; आधी फोटोला नाही म्हणत होती, शेवटी काढला. आणि तिच्या शेजारी विहीर.

सकाळी महारुद्रनं टपरीतूनच हाक मारली. "काय सितारामभाऊ, बोरवाल्याची जाहिरात घेतली का काय? निम्मा खर्च त्यानं दिला आसंल."

"दिलाय," मी म्हणालो. "लय आधीच दिलाय."

दिवसभर लोक विचारत राहिले. कुणाला नगरपालिकेची योजना वाटली, कुणाला वाटलं छापताना चूक झाली. धम्मदीप दुपारी आला तेव्हा त्याचे मुख्याध्यापक सोबत होते. त्यांनीही विचारलं. मला वाटलं, तो विषय बदलेल. तो म्हणाला, "सर, ही आमच्या वडिलांची माणसं आहेत," आणि बोट त्यानं विहिरीकडं केलं. मग त्यांना चहाला घेऊन गेला. चहा पिताना त्यांना पुढचं सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

पाचव्या दिवशी फ्लेक्स उतरवला. त्याच संध्याकाळी भगवानरावाचा फोन आला. आधी त्यानं तब्येत विचारली. मग म्हणाला, "काका, तो फ्लेक्स कोणाला दिला तर न्हाई ना? मिरग तोंडावर आलाय, कडब्याची गंजी उघडी हाय. आई म्हणायली, सितारामभाऊकडून आण."

फ्लेक्सचं शेवटी तेच होतं. कुणाच्या शेळ्यांवर जातो, कुणाच्या गळक्या पत्र्यावर. पिंकीनं गुंडाळी करून सुतळीनं बांधून दिली, भगवानराव मोटारसायकलवर येऊन घेऊन गेला. मी त्याला सांगितलं, चित्राची बाजू खाली करून टाका. सगळे तसंच टाकतात.

पुढच्या आठवड्यात डोळे दाखवायला मी परभणीला निघालो. सकाळची पॅसेंजर. सुकेशनीनं बजावलं होतं की उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, आता टाळू नका. मी डाव्या बाजूची खिडकी धरली. बन्सीधररावांचं रान डाव्या बाजूला येतं. तिथं रुळाचं काम चालू असल्यानं गाडी हळू होते, माणूस चालेल इतकी.

आधी गंजी दिसली. फ्लेक्स चित्राची बाजू वर करून टाकला होता. मी उलटा होतो, डोकं जमिनीकडं. चारी कोपऱ्यांना दगड ठेवलेले, एक दगड नेमका नगरसेवकांच्या तोंडावर. चांगुणा आणि विहीर सपरीकडच्या बाजूला आल्या होत्या, आणि तेवढा भाग नीट ताणून खुंटीला बांधला होता.

मग बाज दिसली. ती फिरवलेली होती. बन्सीधररावांचं तोंड आता दाराकडं नव्हतं, गंजीकडं होतं. पाठीला गोधडी लावून त्यांना बसतं केलं होतं आणि डाव्या हातात तांब्या होता.

आमच्यात एक रीत होती. गाडी जाताना गँगमननं रुळाकडेला उभं राहून हात वर करायचा, सगळं ठीक आहे म्हणून. छत्तीस वर्षं मी तो खालून वर केला. त्या दिवशी खिडकीच्या गजांतून बाहेर काढला आणि शेत मागं जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.